जुनी गोल्फ कार्ट : दुरुस्ती, सजावट आणि अंदाजपत्रक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्मशाळा, रुग्णालय, वृद्धाश्रम, विद्यालय अशा विस्तीर्ण आवारांतून एक छोटेखानी, जवळजवळ निःशब्द वाहन आता सर्वत्र फिरताना दिसते. प्रवेशद्वारापासून भोजनशाळेपर्यंतचे तीन-चारशे पावलांचे अंतर तरुणाच्या ध्यानातही येत नाही. गुडघ्यांच्या व्याधीने त्रस्त झालेल्या वृद्ध मातेला तेच अंतर पर्वतप्राय वाटते. बोलीभाषेत या वाहनाला ‘बॅटरी गाडी’ म्हणतात, मूळ नाव गोल्फ कार्ट. आग्र्यास ताजमहालाच्या निकट परिसरात पेट्रोल-डिझेलच्या वाहनांना मज्जाव असल्याने पर्यटकांना वाहनतळापासून पुढे बॅटरीवरील गाड्यांतूनच नेतात. मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवरही वृद्ध व अपंग प्रवाशांसाठी अशीच गाडी उभी असते.

नवी गाडी संस्थेच्या तिजोरीला जड वाटते आणि मग कार्यकारिणीच्या सभेत एक सूचना हमखास पुढे येते : “जुनी घेऊ, रंग देऊ, चार पैसे वाचतील.” सूचना चुकीची नाही. परंतु ते चार पैसे खरोखर वाचतात की केवळ खरेदीच्या पावतीवर वाचल्यासारखे दिसतात, याचा हिशेब गाडी आवारात येऊन उभी राहण्यापूर्वी मांडणे आवश्यक आहे.

या वाहनाचे माहेर अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा या नगरात आहे. ई-झी-गो ही कंपनी १९५४ साली तेथेच स्थापन झाली. क्लब कार ही दुसरी मोठी कंपनी जन्मली टेक्सासमधील ह्यूस्टन येथे, पण १९६२ साली तीही ऑगस्टाला आली. तेथील गोल्फ मैदाने साठ-सत्तर गाड्यांचा ताफा एकदम भाडेकराराने घेतात, काही वर्षे वापरतात आणि मुदत संपताच परत करतात. असा परत आलेला ताफा व्यापारी घाऊक विकत घेतात, त्याची डागडुजी करतात आणि निवृत्तांच्या वसाहतींत विकतात. फ्लोरिडातील ‘द व्हिलेजेस’ किंवा जॉर्जियातील पीचट्री सिटी येथे या गाड्यांसाठी स्वतंत्र मार्गच बांधलेले आहेत. तेथील रहिवासी बाजारहाटाला याच गाड्यांतून जातात. साहजिकच जुन्या गाडीला नवे रूप देण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय तेथे उभा राहिला. त्या व्यवसायात मुरलेला गिऱ्हाईक गाडीचा रंग पाहत नाही. तो आधी बैठक उचलून खाली पाहतो. भारतातही बेंगळुरूच्या मैनी समूहासारख्या उद्योगांनी अशी वाहने बनवली, आणि हॉटेले, क्लब व गृहसंकुले यांतून निघालेल्या देशी-विदेशी गाड्या दुसऱ्या हाती येत असतात. बैठक उचलून पाहण्याचा नियम त्यांनाही तितकाच लागू आहे.

बैठकीखाली असतो बॅटरी संच. बहुतेक गाड्यांत प्रत्येकी आठ व्होल्टच्या सहा शिसे-आम्ल बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट मिळवलेले असतात. जुन्या गाड्यांत सहा व्होल्टच्या सहा, म्हणजे एकूण ३६ व्होल्ट. एकेका बॅटरीचे वजन २८-२९ किलो, म्हणजे संच सुमारे १७० किलोंचा. जुन्या गाडीच्या व्यवहारातील सर्वांत मोठा खर्च येथे दडलेला असतो आणि विक्रेत्याचे सर्वांत मोघम बोलणेही नेमके येथेच असते. “बॅटरी चांगली आहे” या वाक्याला हिशेबात किंमत नाही. अनेक बॅटऱ्यांच्या टोकांवर किंवा कडेवर निर्मितीचा संकेत ठोकलेला असतो. ट्रोजन या प्रसिद्ध अमेरिकन बॅटरीवर एक अक्षर व एक अंक असतो. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, आणि अंक वर्षाचा शेवटचा आकडा. एका संचात वेगवेगळ्या वर्षांच्या बॅटऱ्या आढळल्या, तर आधीच्या मालकाने एकेक निकामी बॅटरी बदलून दिवस काढले आहेत, असे खुशाल समजावे. अशा संचातील नव्या बॅटऱ्या जुन्यांच्या संगतीने लवकर खराब होतात. तो संच हिशेबात केवळ भंगाराच्या भावानेच धरावा.

परीक्षेची रीत सोपी आहे. पूर्ण चार्ज करून काही तास विश्रांती दिल्यावर आठ व्होल्टची निरोगी बॅटरी साधारण साडेआठ व्होल्ट दाखवते. हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता पाहिली तर ती १.२६५ ते १.२८० च्या आसपास यावी. एखादाच कप्पा फार मागे असेल तर ती बॅटरी संपलेली आहे. त्यानंतर चार माणसे बसवून गाडी चढावर न्यावी. सपाटीवर डौलाने धावणारी गाडी चढावर धापा टाकू लागली, तर व्होल्टमीटर काय सांगतो ते पाहावे. एवढ्या परीक्षेला अर्धा दिवस लागतो. विक्रेता तेवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर तोही एक निष्कर्षच आहे.

सांगाड्याचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. क्लब कारचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, ई-झी-गोचा पोलादी. कोकणासारख्या खाऱ्या हवेत किंवा बॅटरीचे आम्ल वर्षानुवर्षे सांडले असल्यास पोलादी सांगाडा बॅटरीच्या तळाशीच आधी गंजतो. स्क्रू-ड्रायव्हरने तेथे टोचून पाहावे. पत्रा खचत असेल तर पुढचा विचारच करू नये. वेल्डिंगचे ठिगळ लावलेली गाडी माणसे वाहण्यास योग्य नाही.

परदेशातून आलेल्या गाडीच्या बाबतीत आणखी दोन अडचणी अंदाजपत्रकात हटकून विसरल्या जातात. पहिली चार्जरची. अमेरिकन गाडीसोबतचा जुना चार्जर तेथील १२० व्होल्ट व ६० हर्ट्झच्या विजेसाठी घडवलेला असतो. आपल्याकडील वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची आहे. केवळ व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही, कारण जुन्या पद्धतीचे ते चार्जर विजेच्या कंपनसंख्येवरही अवलंबून असतात. तेव्हा नवा चार्जर घेणे ओघानेच आले. दुसरी अडचण लहान पण त्रासदायक आहे. नट-बोल्ट इंचाच्या मापाचे असतात. गावातील मिस्त्रीकडे मिलिमीटरचे पाने असतात. तो जवळपासचा पाना लावून बोल्टची टोके गोल करून टाकतो. इंची पान्यांचा एक संच गाडीसोबतच घ्यावा. खर्च फार नाही.

आता आकडे. पुढील रकमा केवळ मांडणी समजावी म्हणून घेतलेल्या आहेत. प्रत्यक्ष दर गावागणिक आणि वर्षागणिक निराळे असतील, आणि तीन ठिकाणची लेखी दरपत्रके मागवल्यावाचून कोणताही आकडा कार्यकारिणीपुढे ठेवू नये.

समजा, गाडी एक लाख रुपयांना ठरली. ती मालमोटारीतून आणणे, चढवणे-उतरवणे यांस १२ हजार. नवा बॅटरी संच ९० हजारांचा, त्यातून जुन्या संचाचे भंगारमोल १२ हजार वजा जाता ७८ हजार. जाड तारा व टोके ६ हजार. जुन्या, आतून हिरव्या पडलेल्या तारांवर नवी बॅटरी जोडणे म्हणजे नव्या विहिरीला फुटका पाट जोडणे. चार्जर २५ हजार. ब्रेक, सुकाणू व बेअरिंगे यांस १८ हजार. चार टायर १४ हजार. येथपर्यंत खरेदीव्यतिरिक्तचा खर्च १ लाख ५३ हजार झाला आणि गाडी अजून दिसायला जुनीच आहे! त्यानंतर मागची बैठक, हातदांडे, टप, पावसाळी पडदे, रेक्झिन व रंग मिळून ६० हजार. चार्जिंगसाठी आडोसा, स्वतंत्र वायर, अर्थिंग व सॉकेट १५ हजार. खरेदीनंतरची एकूण रक्कम २ लाख २८ हजार. त्यावर १५ टक्के आकस्मिक तरतूद ३४ हजार २०० रुपये धरली की सर्व मिळून ३ लाख ६२ हजार २०० रुपये होतात.

ज्या एक लाखावर सभेत तासभर घासाघीस चालली, तो एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघाला. सोन्याहून घडणावळ महाग म्हणतात ती अशी. म्हणूनच अंदाजपत्रक खरेदीच्या किमतीपासून सुरू न करता शेवटच्या बेरजेपासून उलटे मांडावे. आपल्या कामाला योग्य अशी नवी गाडी केवढ्याला पडते, तिला हमी किती वर्षांची मिळते, हे आधी विचारून घ्यावे. जुन्या गाडीचा सर्व खर्च नव्या गाडीच्या किमतीच्या साठ टक्क्यांपलीकडे जात असेल, तर जुनीचा मोह सोडलेला बरा. साठ हा काही शास्त्रातला आकडा नव्हे. परंतु कोठेतरी रेघ आधी ओढलेली नसेल, तर अर्धा खर्च झाल्यावर ती ओढण्याचे धैर्य कोणत्याही समितीला होत नाही.

आकस्मिक तरतुदीविषयी कुरबूर होतेच. ती प्रामुख्याने कंट्रोलर आणि मोटर यांच्यासाठी आहे. कंट्रोलर म्हणजे पायाच्या दाबाप्रमाणे मोटरला वीज पुरवणारी पेटी; ती बाहेरून पाहून काही कळत नाही आणि बिघडली तर दुरुस्तीपेक्षा बदलावीच लागते. आवार चढ-उताराचे असेल, तर आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वीच विचारावी. जुन्या सिरीज मोटरची गाडी उतारावर मोकळी सुटते, तिला केवळ पायाचा ब्रेक आवरतो. नंतरच्या काळातील, स्वतंत्र क्षेत्रप्रवाह असलेल्या मोटरच्या गाड्यांत उतारावर मोटरच गाडीला मागे ओढून धरते. टेकडीवरील देवस्थानाने पहिल्या प्रकारची गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

ब्रेकचा उल्लेख वर बेरजेत एका ओळीत झाला, पण त्याला एका ओळीत आटोपता येणार नाही. बहुतेक गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, तेही तारेने ओढले जाणारे ड्रम ब्रेक. मैदानाच्या हिरवळीवर, दोन खेळाडू व त्यांच्या काठ्या एवढ्या भारासाठी ते पुरेसे आहेत. संस्था मात्र त्याच गाडीवर मागची बैठक चढवते आणि भाविकांची गर्दी झाली की सहा-सात माणसे बसवते. दोन आसनी गाडीची भारवहनक्षमता साधारण ३६० किलो असते आणि तीत चालक, प्रवासी, सामान व नंतर जोडलेले सर्व साहित्य मोजायचे असते. सरासरी ६५ किलोंची चार माणसे म्हणजे २६० किलो. मागची बैठक ४५, टप व पडदे २५, पिशव्या २०. बेरीज झाली ३५०. गाडी येथेच भरली. आणखी दोघे मागे उभे राहिले, तर भार मर्यादेपलीकडे जातो; शिवाय तो मागील आसाच्याही मागे पडत असल्याने चढावर पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हाताला लागेनासे होते. वृद्ध यात्रिक, लहान मुले आणि उताराचा रस्ता यांचा विचार करता ब्रेकचे लायनर, ड्रम, तारा व पार्किंग ब्रेक ही सर्व जोडणी नवी करणे हा ऐच्छिक खर्च मानता येत नाही. ज्या संस्थेला नियमितपणे सहा जणांची ने-आण करायची आहे, तिने दोन आसनी गाडी ताणून लांब करण्याऐवजी मुळातच सहा आसनी, चारही चाकांना ब्रेक असलेली गाडी शोधावी.

सजावटीचा मोह येथेच आवरावा लागतो. अमेरिकेत गाडी उंच करण्याचे साहित्य, मोठाली चाके, रंगीत दिवे, ध्वनियंत्रणा यांची बाजारपेठ मोठी आहे. तरुणांच्या हौसेला ते शोभते. संस्थेच्या गाडीत पायरी जितकी खाली तितकी बरी. चार इंच उंच केलेल्या गाडीत साठीच्या पुढचा माणूस दुसऱ्याच्या आधाराविना चढणार कसा? गाडी उंच केली की वळणावर कलंडण्याचा धोकाही वाढतो. वेग वाढवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. गोल्फ कार्टचा वेग ताशी २४ किलोमीटरपर्यंतच मर्यादित असतो. तो ३२ च्या पुढे गेला की अमेरिकेत १९९८ पासून ते वाहन निराळ्या वर्गात मोडते आणि त्याला दिवे, आरसे, आसनपट्टे इत्यादी बंधनकारक होतात. आवारात तर ताशी दहा-बारा किलोमीटर पुष्कळ झाले. अनेक कंट्रोलरांत ही मर्यादा घालून घेता येते. त्या ऐवजी पैसा खर्च करायचाच असेल तर दोन्ही बाजूंस पकडायला मजबूत दांडे, मागे बसणाऱ्यांसाठी पाय टेकवायची फळी व कमरेशी येणारा आडवा दांडा, मागे घेताना वाजणारा भोंगा आणि चाकांच्या खुर्चीसाठी घडीचा उतरता फळा, यांवर करावा. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, एवढे सजावटीच्या बाबतीत पुरे.

कायद्याची बाजूही खर्चाशी निगडित आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील मोटार वाहनाच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेले विशेष प्रकारचे वाहन वगळलेले आहे. कुंपणाच्या आत गाडी फिरते तोवर प्रश्न नाही. पण धर्मशाळा रस्त्याच्या अलीकडे आणि मंदिर पलीकडे, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आहे. तो वीस फुटांचा सार्वजनिक रस्ता ओलांडताच ही सवलत संपते आणि नोंदणी, विमा, चालकाचा परवाना हे सर्व प्रश्न उभे राहतात. गोल्फ मैदानासाठी घडलेल्या जुन्या गाडीची रस्त्यासाठी नोंदणी होणे सोपे नाही. अशा संस्थेने नोंदणीकृत ई-रिक्षाचा विचार करावा, हा सल्ला अप्रिय वाटला तरी खरा आहे. आवारातच वापर असला तरीही प्रवाशांच्या इजेबाबतचा विमा उतरवून त्याचा हप्ता वार्षिक खर्चात दाखवावा.

वार्षिक खर्चाचे कोष्टक बहुतेक ठिकाणी केलेच जात नाही. वरच्या उदाहरणात बॅटरी संच चार वर्षे टिकेल असे धरले, तर दर वर्षी १९ हजार ५०० रुपये पुढच्या संचासाठी बाजूला पडले पाहिजेत. विजेचा खर्च माणसे समजतात त्याहून कमी असतो : ४८ व्होल्ट व १७० अँपिअर-तासांचा संच अर्धा रिकामा झाला तर चार युनिट वीज वापरली गेली; चार्जिंगमधील घट धरून साडेपाच युनिट. वर्षातले ३०० दिवस आणि दहा रुपये युनिट धरले तरी १६ हजार ५००. किरकोळ देखभाल व विमा १५ हजार. एवढ्यावर हिशेब थांबला तर तो ५१ हजारांचा दिसतो. परंतु गाडी चालवणारा मनुष्य? त्याला महिना १५ हजार दिले तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. म्हणजे चालकाचे वेतन हाच सर्वांत मोठा खर्च, आणि नेमका तोच “आपला वॉचमन चालवील” या वाक्यात विरून जातो. वॉचमन फाटक सोडून गाडी चालवतो, किंवा गाडी सोडून फाटकावर बसतो; दोन्ही कामे एकदम होत नाहीत.

त्या मनुष्याच्या हाती बॅटरीचे आयुष्यही असते. शिसे-आम्ल संच निम्म्याहून अधिक रिकामा करू नये, वापर झाला की त्याच रात्री चार्ज करावा, डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यानंतर भरावे, पट्ट्या कधी उघड्या पडू देऊ नयेत. पावसाळ्यात यात्रिक नाहीत म्हणून चार महिने गाडी तशीच उभी ठेवली, तर पट्ट्यांवर सल्फेटचे थर बसतात आणि दिवाळीला नवा संच घ्यावा लागतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटत असल्याने ती जागा हवेशीर असावी. गोदामाच्या कोंदट खोलीत, दिवाबत्तीजवळ चार्जिंग करणे धोक्याचे आहे. लिथियम संच घेतल्यास पाणी भरण्याचे काम उरत नाही, वजन १७० किलोंवरून ५० च्या आसपास येते आणि आयुष्यही अधिक मिळते. मात्र किंमत जास्त, चार्जर निराळा. दिवसभर अखंड फेऱ्या असतील तेथे तो खर्च भरून निघतो. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन-तीन तास चालणाऱ्या गाडीला शिशाचा संच पुरेसा आहे.

आता देणगीदारांविषयी थोडेसे. गाडीसाठी देणगी लवकर मिळते, टपावर नाव लिहिता येते. चौथ्या वर्षी येणाऱ्या बॅटरी संचासाठी देणगी मिळत नाही, कारण बैठकीखाली लिहिलेले नाव कोणाला दिसणार? परिणामी पुष्कळ आवारांत उत्तम रंगवलेल्या, नावाची पाटी झळकणाऱ्या गाड्या झाडाखाली चाके खचून उभ्या असतात, आणि ज्यांच्यासाठी त्या आल्या ते वृद्ध पुन्हा पायी चालतात. यावर उपाय हिशेबातच आहे. गाडीची देणगी स्वीकारतानाच तिच्या काही भागाची मुदत ठेव बॅटरीच्या नावे वेगळी ठेवावी आणि देणगीदाराला ते आधी स्पष्ट सांगावे. व्यवहार जाणणारा देणगीदार रुसत नाही. उलट अशा संस्थेवर त्याचा विश्वास बसतो. जुना संच अधिकृत विक्रेत्याकडेच परत द्यावा. शिशाचे भंगार फेरीवाल्याला विकण्यास बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वाव नाही, आणि पक्क्या पावतीवर त्याची रक्कमही खात्यात जमा दाखवता येते.

कामाचा क्रम आणि पैसे देण्याचा क्रम एकच ठेवावा. पहिला हप्ता सांगाडा, ब्रेक व सुकाणू यांचे काम पाहून. दुसरा बॅटरी, तारा व चार्जर बसल्यावर. बैठका, टप आणि रंग त्यानंतर. मिस्त्री रंगापासून आरंभ करू पाहतो, कारण रंग दिसतो आणि दिसलेल्या कामाचे पैसे लवकर सुटतात. त्याला तसे करू देऊ नये. बिलाचा निदान चौथा हिस्सा शेवटपर्यंत राखून ठेवावा. जोडलेले साहित्य व चालक धरून पूर्ण भार होईल एवढी वाळूची पोती चढवून आवारातील सर्वांत तीव्र उतारावर गाडी तीनदा उभी करून पाहावी, पार्किंग ब्रेकवर दहा मिनिटे तशीच सोडावी, आणि विश्वस्तांपैकी दोघांच्या सह्या त्या चाचणीच्या नोंदीवर झाल्यानंतरच तो हिस्सा द्यावा.